दाराच्या ओळखीचं बोट

दवनीवाडा,
३ नोव्हेंबर २०२५

माह्या लेकाच्या घरचं दार तुमच्या बोटानं उघडते अन् माह्या बोटानं उघडत नाही. हा कोणता न्याय होये, ते पहिले सांगा. रामराम मंग करू.

विहीणबाई, दिवाळीले नागपूरले जे झालं ते मी विसरली नाही. लोकेश गाडी लावाले खाली थांबला. म्हणे, आई, तू हो पुढं, दारावर बोट ठेव. मी डोक्यावरचं चिन्नोरच्या तांदळाचं गाठोडं खाली ठेवलं अन् बोट लावलं. आंगठा लावला, करंगळी लावली. दाराच्या मशीनीतली बाई एकच म्हणून राहिली, "फिर से कोशिश करें." समोरच्या घरची बाई दार किलकिलं करून पाहून राहिली, का हे बुढी कोण आली चोरटी. तेवढ्यात तुम्ही आल्या भाजीची थैली घेऊन. "सरका बरं, ताई," म्हणल्या, अन् एक बोट टेकवलं. दारानं टुणटुण गाणं म्हणलं अन् उघडलं. माह्या पोराच्या घरात तुम्ही पहिले गेल्या, अन् आतून मले म्हणता, "या, या, लाजू नका." मले!

दुसऱ्या दिवशी मी कचरा टाकाले गेली तं दार मागून आपोआप बंद. तुम्ही आंघोळीत, तुमची खुशबू नातीले, नीतूले, घेऊन बाजारात, लोकेश हापिसात. मी पायरीवर बसली. त्या दाराले आकडे दाबूनही उघडता येते म्हणे. पण ते आकडे लोकेश मले सांगत नाही. म्हणे, आई, तू साऱ्या गावाले सांगशील.

घरात तरी काय सुख? कपडे धुवाची मशीन माहं लुगडं पोटात घेऊन बसली. नेट गेलं म्हणे, आता उघडत नाही. लुगडं रातभर आतच. गिझरचं तं सांगूच नका. मी अंगाले साबण लावून बसली, अन् लोकेशनं हापिसातून मोबाईलवर गिझर बंद केला. "लय वेळ चालू होता, आई, मले वाटलं कोणी विसरलं." विसरलं कोण? माय नागडी बसली होती आत. अन् तुम्ही त्या दिव्याले हिंदीत म्हणता, "लाइट बंद करो," तं तो दिवा तुमचं आयकते. माहं आयकत नाही. सारं घर तुमचं आयकते.

आता मुद्द्याची गोठ. खुशबूले माघात दिवस भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी, ते तुम्ही केलं, नीतूच्या वेळी. मी एक शब्द बोलली नाही. दुसरं सासरी. ते माहं. आपल्याकडं रीत आहे, तुम्हाले माहीत आहे, मले शिकवाची गरज नाही. पण लोकेश फोनवर म्हणते, आई, तुले त्या मशीना जमत नाहीत, कसं करशील? हे बोलणं माह्या पोराचं नाही. हे कोणीतरी त्याच्या कानात घातलं. कोण, ते तुम्हाले समजलं असन.

तुमचं बोट त्या दारातून काढा.

फोन करणार होती. पण फोनवर तुम्ही गोड बोलता अन् माहा राग पाघळते. म्हणून कागद. उत्तर कागदावरच द्या.

सुभद्रा

---

सडक अर्जुनी,
११ नोव्हेंबर २०२५

सुभद्राताईंना अन्नपूर्णाचा सप्रेम नमस्कार. तुम्ही रामराम मागे ठेवला, मी पुढे ठेवते.

ताई, बोट काढा म्हणता. बोट म्हणजे काय खुंटीवरची थैली आहे, घेतली अन् निघाले? खुशबूनं ते दार लावलं तेव्हा मी तिथे होते, तिनं माझं बोट धरून ठेवलं, झालं. तुमचंही ठेवलं होतं. नंतर लोकेशनं तुमची दहाही बोटं लावून पाहिली. दार बोट पाहतं, नातं पाहत नाही. जन्मभर धानाची रोपं, परे, लावत आलात तुम्ही, बोटाच्या रेघा धानाच्या बांधीत गेल्या. त्यात माझा काय दोष? रात्री बोटाला साय चोळा, सकाळी खोबरेल. चिखलात, धानात हात घालू नका. महिनाभरात रेघा येतील. नाही आल्या तर देवाची मर्जी.

रीत मला ठाऊक आहे. दुसरं बाळंतपण सासरी, कबूल. पण सासर म्हणजे दवनीवाडा. खुशबूचा दवाखाना नागपुरात, नोकरी नागपुरात. नागपूर कोणाचंच सासर नाही अन् कोणाचंच माहेर नाही. तिथे ज्याला घर चालवता येईल त्यानं जावं. जावईबापू स्वतः मला म्हणाले, "मामी, तुम्ही असल्या की खुशबूला चिंता नसते." मी काही मागून घेतलं नाही. मी आपली पौषातच जाऊन राहीन म्हणते. तुम्ही बारशाला या, मान तुमचाच.

आणखी एक. सांगणार नव्हते, पण तुम्ही कानात घालण्याचं काढलं म्हणून सांगते. त्या दारावरच्या घंटीत कॅमेरा आहे. खुशबूनं तो माझ्या मोबाईलात जोडून दिलाय, म्हणजे नीतू शाळेतून आली की मला इथे बसून दिसतं. बोलणंही ऐकू येतं, मागाहून लावलं तरी. त्या दिवशी तुम्ही पायरीवर बसून मला "गुळात बुडवलेली सुरी" म्हणालात. त्यापुढे जे म्हणालात ते मी लिहीत नाही, पोस्टमन आमच्या ओळखीचा आहे.

तब्येतीची काळजी घ्या. बोटाला साय विसरू नका.

आपली,
अन्नपूर्णा

---

दवनीवाडा,
२० नोव्हेंबर २०२५

आयकलं तं बरं झालं. तोंडावर सांगाले सडक अर्जुनीले याचा माहा फेरा वाचला.

विहीणबाई, रामराम. आता एक सांगा. तो कॅमेरा रोज चालते? म्हणजे माहा लेक रोज सांजच्याले हापिसातून येते, ते तुम्हाले दिसते?

मले रविवारी फोन येते. तव्यावर पोळी टाकली का घंटी, पोळी भाजली का बंद. "आई, जेवली काय? बाबा बरे? ठेवतो." एवढंच. अन् तुम्ही तिकडं सडक अर्जुनीले बसून त्याले रोज डोळाभर पाहता. तुमचं पत्र आल्यापासून घास गोड लागून नाही राहिला मले. पोटात म्या वागवला, गोवर निघाला तं मांडीवर घेऊन म्या बसली, अन् आता पाहाले तुमच्या मोबाईलात. काऊन? तुम्हाले तुमची लेक दिसते ते पुरत नाही? माहा लेकही पाहिजे?

मी लोकेशले म्हणली, माह्या मोबाईलातही तो कॅमेरा जोडून दे. म्हणे, आई, तुझा बटनांचा मोबाईल आहे, त्यात होत नाही. दिवाळीले मोठा देतो. कोणत्या दिवाळीले, ते नाही सांगतलं.

रागातच इचारते. कसा दिसते? वाळला काय? खरं लिहा. मले बरं वाटावं म्हणून लिहू नका, तुमच्याच्यानं तसं होतही नाही.

बोटाचं म्हणाल तं बोट मी सायीत ठेवून आहे. सारा गाव धान कापून राहिला, अन् मी घरची मालकीण हाताले फडकं गुंडाळून ओसरीवर. बाया येता-जाता हासून जातात. लोकेशचा बाप म्हणते, "बुढीच्या बोटाले डोहाळे लागले." हासू द्या. दोन रेघा दिसून राहिल्या आहेत. मी उजेडात धरून पाहते.

आमच्या तलावाचे शिंगाडे निघाले. एक पोतं एसटीनं पाठवून राहिली, कंडक्टर वळखीचा आहे, उतरवून घ्या. ओले आहेत. सोलून, वाळवून, पीठ करून ठेवा, बाळंतणीले शिंगाड्याचा शिरा लागते. तुम्ही जाणारच म्हणता तं रिकाम्या हातानं काऊन जाता? पण स्वतः सोला. रोजीच्या बाईले देऊ नका. लेकीच्या पोटात जाणार आहे, मायच्या हातचं पाहिजे.

सुभद्रा

---

सडक अर्जुनी,
२ डिसेंबर २०२५

सुभद्राताईंना नमस्कार.

शिंगाडे मिळाले. खरं सांगू, पोतं पाहून माझं मन भरून आलं. इतक्या वर्षांत तुमच्याकडून न मागता आलेली ही पहिलीच वस्तू. सगळे माझ्या हातानं सोलले. काटे फार लागतात हो! सुरीही दोनदा घसरली. पण लेकीसाठी म्हटलं, होऊ दे. पीठ पांढरंशुभ्र झालंय.

तुम्ही विचारलं म्हणून लिहिते. लोकेश जरा वाळलाय, पण आजारी दिसत नाही. दारासमोर आला की आधी बॅग खाली ठेवतो, मग चपला काढून जोडीनं भिंतीशी सरळ लावतो. कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहतो, दम खातो. मग बोट लावतो. केस मागून पातळ झालेत. कधी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून तिथेच संपवतो, खुशबूनं बाहेरचं बंद केलंय म्हणून. कागद मात्र खिशात घालतो, जिन्यात टाकत नाही. हसू येतं बघून.

मी येत्या आठवड्यात पीठ घेऊन नागपूरला निघतेय. कोणाला कळवलं नाही. अचानक जाऊन दार उघडायचं, पोरगी चकित झाली पाहिजे.

आपली,
अन्नपूर्णा

---

दवनीवाडा,
७ डिसेंबर २०२५

विहीणबाई, रामराम.

चपला सरळ ठेवणं म्या शिकवलं. कमरेवर हात ठेवते ते त्याच्या बापाचं. शेंगदाण्याचं कोणाचं, ते माहीत नाही. तुमच्या पोरीनं त्याले जिन्यात खावाची पाळी आणली हे ध्यानात ठेवलं आहे.

ते पत्र उशाखाली ठेवलं होतं, काढून टाकलं. तुमच्या डोळ्यानं पाहिलेला माहा लेक मले उशाखाली नाही पाहिजे.

तुमचे हात कसे आहेत?

सुभद्रा

---

सडक अर्जुनी,
१६ डिसेंबर २०२५

हात कसे आहेत विचारता? काळे आहेत. शिंगाड्याचा डाग लिंबानं जात नाही, साबणानं जात नाही. बोटांची टोकं काट्यांनी अन् सुरीनं फाटून चिरा पडल्यात. हे तुम्हाला पोतं पाठवतानाच ठाऊक होतं, सुभद्राताई. तलावाकाठी जन्म गेला तुमचा. अन् मी खुळी, मन भरून आलं म्हणून लिहिलं!

ऐका मग, तुमच्या पोत्यानं काय केलं ते. पोटभर हसा.

गेल्या मंगळवारी भर दुपारी मी नागपूरला त्या दारापुढे उभी. हातात पिठाचा डबा. बोट लावलं. "फिर से कोशिश करें." दुसरं लावलं. थुंकी लावून पुसलं, परत लावलं. तेच. आकडे मला कधी लागले नाहीत, म्हणून कधी विचारले नाहीत. घंटी दाबली, आत कोणी नाही. खुशबूला फोन केला, उचलेना, ती दवाखान्यात तपासणीला गेली होती. लोकेशचा फोन बंद. माझा मोबाईल टुणकन वाजला, "दारासमोर कोणीतरी आहे." उघडून पाहिलं तर एक म्हातारी, केस विस्कटलेले, काळे हात, छातीशी डबा धरून. मीच ती. सडक अर्जुनीत बसून मी रोज ज्या जागी दुसऱ्यांना पाहायची, तिथे मी उभी होते. समोरच्या बाईनं दार किलकिलं केलं अन् लावून घेतलं. ती माझ्याशी रोज बोलायची, हो! ओळखलं नाही.

मी पायरीवर बसले. तुम्ही बसला होता तीच असावी.

मग एक बाई जिना चढून आली. हातात भाजीची थैली. मला म्हणाली, "सरका बरं, मावशी." बोट टेकवलं. दार उघडलं. ही बाई मला मोबाईलवर दिसायची, पंधरा दिवस झाले असतील. मी समजले, भांडीवाली. मी तिच्यामागे आत जायला लागले तर दारात आडवी झाली. "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "खुशबूची आई." म्हणाली, "मॅडमले इचारते, मंग आत घेते." अन् ताई, तिनं दार लावलं. माझ्या तोंडावर.

तिचं नाव चंदा. बाळंतपणासाठी लावलीय, पगारी. शेक, मालीश, बाळाची आंघोळ, सगळं तीच करणार. मशिनीही तिला सगळ्या चालवता येतात. खुशबू आल्यावर मी विचारलं, हे काय? खाली मान घालून म्हणाली, "आई, एकीला बोलावलं की दुसरी तोंड फुगवणार. तुम्ही दोघी आमच्या घरात नाही, एकमेकींच्या डोक्यात राहता. घंटीतलं बोलणं लोकेशनंही ऐकलंय. म्हणून कोणीच नको." शिंगाड्याचं पीठ तिनं फळीवर ठेवलं. तोंडाला लावलं नाही.

अन् जावईबापू "तुम्ही असल्या की चिंता नसते" असं कधी म्हणाले नव्हते, ते मीच लिहिलं. म्हणाले होते, "पाहू."

तुम्हाला वाटतं सगळं माझं. घर तुमच्या लेकाचं, दारावरची पाटी तुमच्या आडनावाची, नीतू तुमची, येणारं बाळ तुमचं. लेकीला डोहाळे लागले तेही तुमच्या हातच्या लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचे. मी मेथीचे लाडू नेले तर म्हणाली, "सासूबाई पाठवतील का वड्या?" पोटची पोर माझी, अन् तोंडाला चव तुमची! त्या सगळ्या घरात माझं असं एक बोट होतं, दारातलं. तेही तुमच्यानं पाहवलं नाही.

अन्नपूर्णा

---

दवनीवाडा,
२१ डिसेंबर २०२५

विहीणबाई,

तुमचं रडणं वाचलं. कागद कुठं ओला दिसला नाही, म्हणजे तेवढं काही नाही.

शिंगाडे चांगले होते. वाईट निघाले असते तं बोलाचं काम होतं.

वड्यांचं मले कोणी सांगतलं नाही. एका शब्दानं नाही. दिवाळीले खुशबू माह्यासमोर बसून गुपचूप भात खाऊन राहिली, अन् वड्या माहेरी मागून राहिली. अन् तुम्ही ते सांगतलं नाही, मनात ठेवलं. माह्या शिंगाड्यानं तुमचे हात काळे केले, तुम्ही माह्या वड्या दाबून ठेवल्या. बरोबरी झाली.

पण ते चंदा कोण? ना सासरची, ना माहेरची. तुमच्या बोटाचं मले जळलं, पण तुम्ही तिची माय होये. तुमच्याशी भांडाले मजा येते. या बाईशी मी कोणत्या नात्यानं भांडू? माह्या नातवाले पहिलं पाणी ते घालणार, त्याचं डोकं ते गोल करणार, अन् महिन्याच्या महिन्याले पगार घेऊन दुसऱ्या घरी दुसऱ्या लेकराले तेच करणार? हे मी होऊ देत नाही. तुम्ही होऊ देता काय?

पाच तारखेच्या सोमवारी सकाळी मी गोंदियाहून गाडीनं निघते. तुम्ही बसनं या. त्यांच्या बिल्डिंगच्या खाली भेटू. पहिले पोचाल तं वर जाऊ नका, मी तुम्हाले वळखते. सोबत चढू. काम वाटून घेऊ. मालीश तुमच्याकडं नाही, चिरा पडलेल्या हातानं बाळंतणीले खरचटन. शेक तुमचा, सैपाक अर्धा-अर्धा. बाळाची पहिली आंघोळ माही. नीतूची तुम्ही केली होती, हे मी मोजून ठेवलं आहे.

सोबत खुशबूले लिहिलं ते वाचा. आवडलं नाही तरी डाकेत टाका.

सुभद्रा

---

दवनीवाडा,
२१ डिसेंबर २०२५

खुशबूले सुभद्रेचा आशीर्वाद.

मोबाईलवर तुमच्या घरची मशीन कोणाले काय सांगन, भरवसा नाही. म्हणून कागदावर सांगते.

तुले कोण पाहिजे, हे लोकेश सांगते. तुझी आई सांगते. मीही सांगत होती. तुझं तोंड कुठं होतं? लाखोळीच्या वड्या पाहिजे तं आईले सांगतलं. आई नको तं चंदाले लावलं. सासू नको तं दाराले सांगतलं, का हिले उघडू नको. मले सरळ म्हणाली असतीस, "आई, तुम्ही येऊ नका," तं मी दोन दिवस शिव्या दिल्या असत्या अन् तिसऱ्या दिवशी वड्या पाठवल्या असत्या. तुम्ही आजकालच्या पोट्ट्या समजदारीनं वागता, अन् माणूस पायरीवर बसून राहते.

चंदाले काढू नको. त्या कपड्याच्या मशीनीशी भांडाले कोणीतरी पाहिजे. गिझरही तिलेच पाहू दे. पण लेकराले हात तिचा पहिला लागला नाही पाहिजे. शिंगाड्याचं पीठ फळीवरून काढ, तुपात भाज अन् खा. तुझ्या मायनं हात फाडून सोललं. माह्यावरचा राग पिठावर काढू नको.

तुझी माय अन् मी पाच तारखेच्या सोमवारी येऊन राहिलो. सोबत. हे वाचून घाबरू नको, जिन्यात आम्ही भांडणार नाही. आत आल्यावरचं सांगत नाही.

बोट मी लावणार नाही. आता रेघा आल्या आहेत, लागलं असतं, पण नाही लावणार. तुझ्या मायलेही लावू देणार नाही. घंटीही नाही. दारापुढं उभं राहून तुझ्या नावानं हाक मारू, बांधीतून घराकडं मारतात तशी, साऱ्या मजल्याले आयकू जाईन. तू आहे तिथून उठाचं, पोट धरून चालत याचं, अन् आतून पहिले कोणाले बोलवाचं ते मोठ्यानं बोलाचं. जिचं नाव घेशील ते पहिले आत येईन. दुसरी चूप मागून येईन. मी असली तरी चूप येईन, पण तुझ्या तोंडून आयकल्यावर.

ओ तूच द्याची. चंदानं दिली, लोकेशनं हापिसातून फोनात दिली, तं मी आयकणार नाही.

सुभद्रा